बोलणं ज्याचं त्यानं

विष्णुदास भाव्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' हाती घेऊन त्यात नाटक शोधायला गेलात तर सापडत नाही. पुस्तक १८८५ सालचं. आख्यानं आहेत, पदांवर पदं आहेत, पण रावण जनकाला काय म्हणाला आणि जनकाने ते कसं निभावलं, याचं अवाक्षर नाही. गहाळ झालं म्हणून नव्हे. ते कधी लिहिलंच नव्हतं. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत भाव्यांचं 'सीतास्वयंवर' झालं. त्या दिवसाला आपण मराठी रंगभूमी दिन म्हणतो, दर वर्षी सांगलीत भाव्यांच्या नावाचं गौरवपदक देतो, भाषणं करतो. पण त्या खेळात उभ्या असलेल्या एकाही नटाला आपलं पुढचं वाक्य पाठ नव्हतं, हे त्या भाषणांत क्वचितच ऐकू येतं.

मला ते ऐकू येतं, कारण मी उमेदीची सगळी वर्षं हौशी नाटकांना प्रॉम्प्टिंग करण्यात घालवली. विंगेत स्टूल, हातात वही, बॅटरीवर रुमाल गुंडाळलेला. नट अडकला की त्याचा खालचा ओठ आधी थांबतो, मग डोळे विंगेकडे वळतात. त्या दोहोंच्या मध्ये शब्द पोचवायचा. अशा माणसाला 'संहिता नाही' एवढं ऐकूनच पोटात गोळा येतो. मग त्या लोकांनी रात्र-रात्र खेळ केले कसे?

हा प्रश्न माझ्यापुढे पुन्हा आणला तो भाच्याने. तो आणि त्याचे कॉलेजातले मित्र रविवारी आमच्या माडीवर एक खेळ खेळतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण खेळ चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. तो सांगतो समोर काय आहे, हे सांगतात आम्ही काय करतो. शंका आली तर वीस पैलूंचा फासा. भाचा म्हणाला, "मामा, मारामारी असली की तीन तास कसे जातात कळत नाही. पण राजाकडं जाऊन सैन्य मागायचं असलं की दोन मिनिटांत गाडी रुतते. एक जण म्हणतो, मी राजाला पटवतो. फासा टाकतो. अठरा पडतात. झालं."

"पटवतो म्हणजे बोलतो काय?"

"ते कुठं बोलायचं असतं?"

हे चाललं होतं सांगलीत, हे मुद्दाम सांगतो.

१८४२ च्या सुमारास कर्नाटकातली भागवत मंडळी आपले खेळ घेऊन सांगलीला आली. संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांना विषय रुचला, मांडणी ओबडधोबड वाटली. पदरच्या भाव्यांचा मुलगा विष्णू पदं जुळवायचा, लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या घडवायचा; त्याला त्यांनी हेच जरा नेटकं करून मराठीत दाखवायला सांगितलं. (त्या बाहुल्या पुढे रामदास पाध्यांनी दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या.) बाहुल्यांच्या जागी माणसं आली तेव्हा भाव्यांनी आपल्या हातात दोऱ्या फार थोड्या ठेवल्या.

रीत अशी होती. सूत्रधार आणि त्याच्या मागचे झांजा-मृदंगवाले खेळ संपेपर्यंत जागा सोडायचे नाहीत. आधी मंगलाचरण. मग पाला गुंडाळलेला वनचर, म्हणजे विदूषक, आणि सूत्रधाराशी त्याची थट्टा. मग गजानन, मग मोरावरची सरस्वती, आणि मग आख्यान. दर वेळी सूत्रधार आधी पद म्हणणार. कोण आला, कशाला आला, रागावलाय की रडकुंडीला आलाय, हे सगळं त्या पदात येऊन जायचं. पद संपलं की पात्रांनी त्याच मजकुरावर आपल्या शब्दांत बोलायचं. बोलणं ओसरलं किंवा भलतीकडे गेलं की पुढचं पद सुरू.

जनकाचा दरबार घ्या. धनुष्य मांडलंय, देशोदेशीचे राजे बसलेत, आणि बोलावणं नसताना रावण हजर. ऐकणाऱ्यांनी रामविजयाच्या पोथ्या ऐकलेल्या. धनुष्य रावणाच्या छातीवर पडणार हे पोरासोरांनाही माहीत. शेवट बांधलेला आहे. मोकळं आहे ते हे, की रावणाने किती फुशारकी मारायची, जनकाने या आगंतुकाला मान द्यायचा की टाळायचं, विदूषकाने नेमकं कुठं तोंड घालायचं. जनकाचं सोंग घेणाऱ्याला तीन गोष्टी ठाऊक असल्या की पुरे. मला जावई हवाय. हा नकोय. आणि याला तोंडावर नको म्हणायची माझी छाती नाही. एवढ्यावर सांगलीतला कुठलाही सासरा अर्धा तास बोलेल.

मंडळीत देव पार्टी, राक्षस पार्टी, स्त्री पार्टी असे भाग असत. राक्षस पार्टीचं बरं होतं. शब्द सुचले नाहीत तर आरोळ्या ठोकायच्या, पाय आपटायचे, तलवार फिरवायची. त्या आरोळ्यांवरून मागाहून या नाटकांना 'अललडुर्र' म्हणून हिणवलं गेलं. हिणवणारे शिकलेले होते आणि त्यांची नाटकं छापलेली होती. पण दरबारात नुसत्या आरोळीने भागत नाही, तिथं समोरच्याचं ऐकून बोलावं लागतं. जनकाची गंमत तिथेच आहे.

आप्पासाहेब १८५१ ला गेले. दरबारचा आधार सुटला तशी भाव्यांनी मंडळी बाहेर काढली, आणि १८५३ ला मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून खेळ केले. त्यांच्या मागोमाग इचलकरंजीकर, अळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या याच रीतीने उभ्या राहिल्या.

आता भाच्याच्या खेळाची वंशावळ. ती मी त्याच्याच तोंडून ऐकली आणि मग वाचून पडताळली. १८२४ ला प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने लष्कराच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ बसवला. फासे, तक्ते, आणि निवाडा द्यायला पंच. तक्त्यांचा जाच इतका वाढला की १८७६ ला व्हर्दी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने फासे बाजूला ठेवायला लावले. अनुभवी पंच म्हणेल ते खरं. पुढे हा खेळ हौशी लोकांत गेला, आणि १९६९ ला अमेरिकेत मिनेसोटामध्ये डेव्हिड वेसली याने एक वेगळाच डाव मांडला. नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव, दोन सेना येऊ घातलेल्या. पण त्याने खेळाडूंना नुसत्या पलटणी दिल्या नाहीत. एकाला गावचा महापौर केलं, एकाला बँकवाला, एकाला विद्यापीठाचा कुलगुरू, आणि प्रत्येकाला वेगळं काहीतरी हवं असलेलं ठेवलं. लढाई राहिली बाजूला. लोक कोपऱ्यांत जाऊन एकमेकांशी सौदे करत बसले. वेसलीला वाटलं, डाव फसला. खेळणारे विचारायला लागले, पुढचा कधी? त्या खेळणाऱ्यांत डेव्ह आर्नेसन होता. त्याने गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ ला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. माझ्या भाच्याच्या टेबलावरचा खेळ त्याच घरातला.

त्या १९७४ च्या नियमांत, वाटेत भेटलेला प्राणी तुमच्याशी गोडीने वागणार की अंगावर येणार, हे दोन फासे टाकून ठरवायची सोय होती. फाशाला माझी ना नाही. ऐकणाऱ्याची लहर कुणालाच आधी कळत नसते. पण फासा बोलण्याच्या जागी बसला की दरबार संपतो. आधी बोलणं व्हावं, ते ऐकून खेळ चालवणाऱ्याला दोन्हीकडे जाता येईल असं वाटलं, तर टाकावा फासा.

वेसलीने महापौराला शब्द दिले नव्हते, हवं-नको दिलं होतं. भाव्यांनी जनकाला तेच दिलं होतं, फक्त गाऊन, आणि सगळ्यांसमक्ष. मला ही दुसरी रीत जास्त धूर्त वाटते. पद प्रेक्षकही ऐकतात. त्यामुळे जनक गोड बोलत असताना तो आतून का घामाघूम झालाय हे समोरच्या माणसाला ठाऊक असतं, आणि नटाच्या साध्या "या, बसा" मध्येही रंग भरतो. भाच्याच्या टेबलावर राजाला काय हवं ते खेळ चालवणाऱ्याने मनात दडवून ठेवलेलं असायचं. बाकीचे अंधारात चाचपडायचे आणि कंटाळून फाशाकडे वळायचे.

एका रविवारी राजा व्हायला मला बसवलं. मी म्हटलं, आधी पद म्हणा. पद कुणाला येणार? मग चार ओळी कागदावर लिहून मोठ्याने वाचल्या: राजा म्हातारा आहे, सैन्य त्याच्याकडे आहे पण पगार थकलाय, हे कुणाला कळू द्यायचं नाहीये, आणि धाकट्या राणीचा भाऊ शेजारी उभा राहून सगळं ऐकतोय. पोरं जी सुटली! एकाने मेव्हण्याला बाजूला न्यायचं निमित्त काढलं, दुसऱ्याने पगाराचं नाव न घेता कोठारातल्या धान्याची चौकशी सुरू केली. जेवायला हाका आल्या तरी कुणी उठेना. सैन्य काही मिळालं नाही. घोडे मिळाले, भाड्याने.

सांगलीच्या रंगमंचावरून ही रीत गेली, ती कुणी हाकलली म्हणून नव्हे. १८६१ ला विनायक जनार्दन कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' आलं, लिहिलेलं, बुकिश. १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल'. तिकडे प्रशियात पंचाला मोकळं सोडलं जात होतं, तेव्हा आपल्याकडे नटाला वहीत बांधलं जात होतं. ते बांधणंही फळलं, यात वाद नाही. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं 'शारदा' १८९९ चं. त्यातलं म्हाताऱ्या नवरदेवाचं लग्नघर कुणाला जागच्या जागी सुचलं नसतं. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी 'हॅम्लेट' गाजवला तोही आगरकरांच्या लिहिलेल्या ओळींवर. पण लिहिलेल्याला एक पाय फुटतो, तो सरकारच्या हातात सापडतो. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त कीचक म्हणजे कर्झन, हे सगळ्यांना कळत होतं. १९०७ चं नाटक, १९१० ला बंदी. वहीच नसती तर बंदी घालायची कशावर?

वही नव्हती तिथं ही कला राहिली, म्हणजे तमाशात. आणि तीही याच मुलखात. तासगाव तालुक्यातल्या सावळजच्या उमाजींचा 'मोहना-बटाव' हा पहिला वग, म्हणजे तमाशातलं नाटक, मानतात, १८६५ च्या आसपासचा. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, १८६६ साली जन्मले. त्यांनी लावण्या आणि कवनं रचली, पण त्यांच्याही वगात गद्य बोलणं बरंचसं ज्याचं त्यानेच करायचं. वग बसवायचा म्हणजे सरदार गोष्ट सांगणार, प्रवेश कुठून सुरू नि कुठं संपवायचा ते ठरणार, पदं पाठ होणार. राजाने दरबार भरवायचा, प्रधानाला राज्याची हालहवाल विचारायची, सोंगाड्याने त्या हालहवालीत गावची पाणीपट्टी आणायची.

या कलेचा सगळ्यात चोख नमुना वगात नाही, त्याआधीच्या गौळणीत आहे. पुसेगावच्या सेवागिरीच्या यात्रेत, पालीच्या खंडोबाला, आमच्या गावच्या म्हसोबाला मी गौळणी पाहिल्या, आणि नंतर नाटकाचा माणूस झाल्यावर पुन्हा मुद्दाम पाहिल्या. प्रसंग एवढाच: गौळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्यात, पुढे मावशी, म्हणजे लुगडं नेसलेला बाप्या. वाटेत पेंद्या आडवा. कर दिल्याशिवाय सोडत नाही. शेवट पोथीतला; दही कृष्णाला मिळणार.

"कोण गं तू?"

"मी मावशी."

"कुणाची?"

"तू म्हणशील त्याची."

"मग आईची खबर काय?"

इथून पुढे वीस मिनिटं. मावशी 'देत नाही' असं कधीच म्हणत नाही, कारण ते म्हटलं की पेंद्याला एकच गोष्ट उरते, धक्काबुक्की. आणि प्रवेश संपतो. ती म्हणते, कर कुठल्या कायद्याने? पेंद्या म्हणतो, नंदाच्या. नंदाची सही दाखव. सही येत नाही, अंगठा आहे. कुणाचा अंगठा? माझा. म्हणजे दर उत्तरात पुढच्या प्रश्नाला पाय ठेवायला जागा. मावशी घाबरवून बघते (कंसाचं नाव), लाडीगोडी लावून बघते, पैसे नाहीत म्हणून रडून बघते, पेंद्याच्या लंगड्या पायाची चौकशी करून त्याला पाघळवून बघते. एक उपाय हरला की तो पुन्हा वापरत नाहीत. आणि प्रत्येक हरलेल्या उपायानंतर काहीतरी बदललेलं असतं: एक मडकं खाली ठेवलं गेलेलं असतं, एक गौळण पेंद्याच्या बाजूला गेलेली असते. मग कृष्ण येतो. गुऱ्हाळावर काहील कधी उतरवायची ते गुळव्याला घड्याळ बघून कळत नाही, तसं कृष्णाचा प्रवेश कधी करायचा ते ढोलकीवाल्याला कळतं. हशा थोडा पातळ झाला की त्याची थाप पडते. भाव्यांच्या सूत्रधाराचं काम तमाशात ढोलकीने घेतलं, असं माझं मत आहे.

शेवट न बांधलेली जातही होती. भेदिक शाहिरीत कलगीवाले नि तुरेवाले समोरासमोर बसायचे; तुरा शिवाला मोठा म्हणणार, कलगी शक्तीला. एकाने कूट घालायचं, दुसऱ्याने गाऊनच ते सोडवायचं, रात्र सरली तरी. पुसेसावळीचे हैबती याच पंथातले. तिथं खरोखर कुणी हरायचं, आणि ते ठरवणारा ना फासा ना पंच. समोर घोंगड्यावर बसलेलं गाव. मला ती सभा ऐकायला आवडते, पण तिच्यात पात्रं नाहीत. शिव आणि शक्ती स्वतः कधी बोलत नाहीत.

खेळ चालवणाऱ्याने हात सैल सोडला तर काय होतं, तेही मराठीत लिहून ठेवलेलं आहे. तेंडुलकरांच्या १९६७ च्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये हौशी मंडळी वेळ घालवायला लटकं कोर्ट भरवतात, बेणारेबाईला लटकी आरोपी करतात, आणि बघता बघता आरोप खरे होतात. न्यायाधीश झालेला काशीकर थांबवू शकत असतो. थांबवत नाही, त्यालाच मजा येतेय. भाच्याच्या टोळक्याला मी हे नाटक वाचायला दिलं. त्यांच्या एका दरबारात एका मुलीच्या पात्राला सगळे मिळून कोपऱ्यात घेत होते आणि ती हसत नव्हती, हे मी जिन्यावरून ऐकलं होतं.

तमाशातली मोकळीक मात्र पाहायची तर काळू-बाळूंची. कवलापूर, सांगलीहून तासगावच्या रस्त्याला. लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ, तमाशा घरातच. 'जहरी प्याला'तले त्यांचे दोन हवालदार पश्चिम महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. त्या वगात तपास नावाची जी काही भानगड चालते, ती मी एका गावात पाहिली तशी दुसऱ्या गावात कधी पाहिली नाही. एका ठिकाणी ऊस बिलाचा राग होता, तर सगळी उलटतपासणी वजनकाट्यावर गेली. खून झालाय, प्रेत पडलंय, आणि हे दोघे काट्यात किती मारलं त्याचा जाब विचारतायत. मंडप खाली यायची वेळ आली. मग एकाने दुसऱ्याची टोपी सरळ केली. ती खूण असावी, कारण पुढच्याच वाक्याला दोघे खुनाकडे परत आले.

स्वातंत्र्यानंतर तमाशालाही संहिता आधी तपासून घ्यावी लागू लागली. एका जुन्या सोंगाड्याला मी विचारलं, जे रोज बदलतं ते तुम्ही वहीत लिहायचा कसं? तो म्हणाला, राजाचं लिहायचो, प्रधानाचं लिहायचो, पदं लिहायचो. आणि आमच्या जागी लिहायचो, 'इथे विनोद'. त्याने जपून ठेवलेली वही मला दाखवली. पान पिवळं पडलं होतं, आणि 'इथे विनोद'च्या बरोबर खाली तपासणाऱ्याचा जांभळा शिक्का होता: मंजूर.